साडूची पहिली ओळ

कडोदऱ्याच्या आमच्या एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात बंद पडलेलं काम चालू करणारा माणूस एकच, तो म्हणजे मी. कॉम्प्युटर चालू करायचं बटण कुठं असतं ते मला अजून सापडलेलं नाही, ही गोष्ट वेगळी.

पण सांगायचंय माझ्या साडूचं, म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीच्या नवऱ्याचं. असा माणूस अख्ख्या सुरतेत दुसरा नाही. साड्यांची डिझाइनं कॉम्प्युटरवरून मशीनींना पाठवायचं काम त्याचं. खुर्चीत बसायच्या आधी चपला बाहेर काढतो. सेठशी गुजरातीत बोलतो, कॉम्प्युटरशी अहिराणीत, आणि बायकोशी बोलतच नाही. एकदा एक वाट धरली की जन्मभर तीच. त्याचा न्हावी दोन गल्ल्या पुढं गेला, जुन्या जागी मोबाईलचं दुकान आलं, तर हा तिथंच जाऊन बसला आणि "बारीक कर" म्हणाला. आम्ही लिंबायतची भाड्याची खोली सोडून कोसाडला आलो त्याला वर्षं झाली, तरी दर रविवारी हा आधी लिंबायतला जाणार, आमच्या जुन्या खोलीतल्या नव्या भाडेकरू पोरांकडे चहा पिणार, आणि मग आमच्याकडे येणार.

तर दिवाळीच्या आधी सेठनं नवा कॉम्प्युटर आणला. साडूनं जुन्यातलं सगळं त्यात भरलं, हळदकुंकू लावलं आणि डिझाइन पाठवणारी त्याची स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमांची फाइल, चालवली. कॉम्प्युटर म्हणतो, अशी फाइल नाही. फाइल तर समोर होती. मलासुद्धा दिसत होती, आणि मी शाळेत घंटा वाजवण्यापुरताच गेलेलो. सगळ्या मशीनी थांबल्या. सेठनं सांगून टाकलं, संध्याकाळपर्यंत सुया हलल्या नाहीत तर उद्यापासून या खुर्चीत माझा भाचा. साडूचा चेहरा एवढासा झाला. त्यानं नाव तपासलं, फाइल पुन्हा भरली, "काय व्हयनं रे भाऊ तुले?" म्हणून कॉम्प्युटरला गोंजारलं. मी मदत म्हणून कॉम्प्युटरचा डबा हलवून पाहिला, मग उदबत्ती लावली. तिचा धूर डब्यातल्या पंख्यानं आत ओढला तेव्हा मला खोलीबाहेर काढलं.

दारातूनच मी विचारलं, समोर आहे ते नाही कसं म्हणतो हा? साडू वैतागून समजवायला लागला. स्क्रिप्टची भाषा कॉम्प्युटरला कळत नाही, मध्ये एक दुभाषा लागतो, आणि तो कुठं राहतो ते स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत लिहिलेलं असतं. मी आपला टोमणा मारला, "मग गेला असेल तुमच्यासारखा लिंबायतला चहा प्यायला."

साडू गर्रकन कॉम्प्युटरकडं वळला. त्यानं पहिली ओळ उघडली. पत्ता जुन्या कॉम्प्युटरमधला. फाइल होती, दुभाषाच त्या घरी नव्हता; नव्यात तो भलत्याच कप्प्यात राहायला गेला होता. साडूनं तेवढी ओळ बदलली आणि सगळ्या सुया एकदम खडखडायला लागल्या. त्यानं कॉम्प्युटरला नमस्कार केला. मला नाही.

त्या रविवारी तो पहिल्यांदाच थेट कोसाडला आला. चहा अर्धाच प्याला आणि सारखा दाराकडं बघत राहिला. म्हणाला, "ती पोरं वाट बघत असतील." मला आमची ती पत्र्याची खोली आठवली, पाऊस आला की भांडी मांडायला सगळे धावायचे ती. पण तोंड बंद ठेवेन तर मी कसला. बायकोला म्हटलं, बघ, कॉम्प्युटर नीट केला आणि तुझे दाजीपण नीट केले.

ती चुलीपाशी वळूनसुद्धा बघेना. "दाजी तिथं चुकून जात नव्हते. तिथं त्यांना जेवलात का म्हणून विचारतात. इथं तुम्ही बोलत बसता."