पाहुण्यांसाठी निवडलेला दगड

आमच्या घरात धुळीला जेवढा मान आहे तेवढा मला नाही, हे मी लग्नानंतर दोनच महिन्यांत ओळखलं होतं. मी फडकं घेऊन टेबल पुसायला गेलो की आसावरी ओरडायची, "अहो, थांबा! कुठली आहे ती, बघितलंत का?" लोणच्याच्या बरण्या रिकाम्या करून तिने त्यांत दगडांचे चुरे भरले. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर जागा, तारीख आणि वेळ. माझा वाढदिवस तिला कधी आठवला नाही, पण कुठली बरणी कुठल्या टेकडीची हे ती झोपेतून उठवलं तरी सांगेल.

ती भिवंडीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची, मी बँकेत होतो. भिवंडी म्हटलं की लोकांना लूम आठवतात आणि हल्ली गोदामं. त्या गोदामांना लागणारी खडी कुठून येते, याचा विचार करायला कोणाला वेळ आहे? अंबाडीच्या रस्त्याने जाताना आत वळलं की पोखरलेले डोंगर दिसतात. तिथल्या क्रशरवर दगड भरडून खडी करतात, आणि तिथली माणसं पन्नाशीच्या आत खोकायला लागतात. डॉक्टर टीबी म्हणतात, सहा महिने गोळ्या देतात, खोकला राहिला की पुन्हा सहा महिने. आसावरीचं म्हणणं होतं की यातल्या बऱ्याच जणांना टीबी नाहीच, दगडाच्या धुळीने फुप्फुसं आतून घट्ट होत चालली आहेत. त्या आजाराला सिलिकोसिस म्हणतात.

अडचण अशी होती की हा आजार होतो गारगोटीच्या, म्हणजे पांढऱ्या गारेच्या धुळीने. आपला दगड काळा. त्यात गार जवळजवळ नसते, असं पुस्तकं सांगतात, आणि पुस्तकं खोटं सांगत नाहीत. ठाण्याला जी समिती या आजाराच्या दाखल्यासाठी आलेले अर्ज तपासायची तिचे लोक तेवढं एकच वाक्य बोलायचे. काळ्या दगडाने सिलिकोसिस होत नाही, पुढचा अर्ज घ्या.

मग तिला तुळशीराम भेटला. क्रशरच्या तोंडाशी उभा राहून कुठला दगड आत जाईल ते ठरवणारा माणूस. वय अठ्ठेचाळीस, दिसायला माझ्या थोरल्या भावासारखा, आणि माझा थोरला भाऊ सत्तरीचा आहे. बापाची भातशेती धाकट्या भावाकडे गेली, याच्या वाट्याला डोंगर आला. तो तिला म्हणाला, "बाई, काला दगड खोकलवत न्हाय. पांढऱ्या शिरंचा आला का दोन दिस छाती भरतं."

या एका वाक्यावर आमच्या घराची सहा वर्षं गेली. काळ्या दगडात पोकळ्या आणि भेगा असतात आणि काही थरांत त्या गारेने भरलेल्या असतात, हे आसावरीला ठाऊक होतंच. पण ते थर नेमके कुठे, हे तुळशीरामला ठाऊक होतं. रविवारी तो पिशवीत दगड घेऊन आमच्याकडे यायचा आणि चपला थेट फाटकाबाहेर काढायचा. आसावरी ते दगड कुटून प्रयोग करायची. तिने मला समजावलं होतं की ताजी फुटलेली गार सगळ्यात वाईट. फुटलेल्या कडांवर तुटके बंध उघडे पडतात, छातीतल्या ओलाव्यात ते जाळपोळ करतात. तीच धूळ महिनाभर पडून राहिली तर निवत जाते. "म्हणजे शिळी धूळ खाल्लेली बरी," मी म्हणालो. ती हसली नाही. माझे विनोद ती मोजून टाकून देते.

तुळशीरामने समितीकडे अर्ज केला होता. एक्स-रे होता, कामाची एकवीस वर्षं होती. सिलिकोसिसचा दाखला मिळाला असता तर उपचार, भरपाई, सगळं मार्गी लागणार होतं, आणि त्याच्यामागे अकरा जण अर्ज हातात धरून थांबले होते. समितीने एकच गोष्ट मागितली. त्या क्रशरवर काम करणाऱ्या माणसाच्या श्वासात प्रत्यक्ष गार जाते याचा पुरावा. पिशवीतले दगड चालणार नाहीत. तिथे जाऊन, कामगारांच्या कॉलरला गाळणी आणि कमरेला छोटा पंप लावून, तीन दिवस हवेचे नमुने घ्यायचे. आसावरीनेच घ्यावेत, असंही ठरलं. तिच्या प्रामाणिकपणाबद्दल तिथेही कोणाला शंका नव्हती.

आता आमच्या घरचं वळण सांगतो. न कळवता कोणाच्या दारात उभं राहायचं नाही, असं तिच्या आईने तिला शिकवलेलं. तिने तुळशीरामला आठ दिवस आधी निरोप दिला, सोमवार ते बुधवार येतेय म्हणून.

मीही बरोबर गेलो, बॅटऱ्या उचलायला. जाऊन पाहतो तर क्रशरच्या वाटेवर पाणी शिंपडलेलं, पत्र्यांवरची धूळ झाडलेली, बसायला धुतलेली खुर्ची. तुळशीरामची बायको कमळा तिथेच खडी चाळायची. ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. आसावरीने तिला विचारलं, "रोज असंच असतं का हो इथे?" कमळा म्हणाली, "रोजचाच हाय बाई." आसावरीने वहीत लिहिलं, जमीन ओलसर, कामगारांच्या सांगण्यानुसार नेहमीसारखी. मी मनात म्हटलं, हे क्रशरच्या मालकाचं, शेठचं काम. तपासणी म्हटली की असले लोक पावडर लावूनच बसणार.

नमुने मुंबईच्या प्रयोगशाळेत गेले. महिन्याने आकडे आले. धूळ मर्यादेत. गार जवळजवळ शून्य.

दोन दिवस ती जेवली नाही. मी म्हटलं, "देऊ नकोस हे आकडे. शेठने लबाडी केलीय, दिसतंय स्पष्ट." ती म्हणाली, "सिद्ध करता येतंय? नाही ना? मग जे आलंय ते द्यायलाच हवं." मी तिच्यावर चिडलो, फार वाईट बोललो. माणसं मरतायत आणि तुला तुझी वही जपायचीय, असंही म्हणालो. तिने अहवाल सही करून पाठवला. चार महिन्यांनी तुळशीरामचा अर्ज फेटाळला गेला. आधार म्हणून तिच्याच अहवालाचं पान जोडलेलं. आपलेच दात, आपलेच ओठ.

पुन्हा नमुने घ्यावेत म्हणून तिने अर्ज केला, तोवर शेठने डोंगर विकला होता. क्रशर उचलून नेला, जमीन सपाट केली, तिथे गोदाम उभं राहतंय. समितीचं उत्तर आलं की आधीच्या नमुन्यांत दोष असेल तर त्या तीन दिवसांत तिथे काय घडलं, ते तिथल्या कामगाराच्या लेखी जबाबासह कळवा, अर्ज पुन्हा उघडू. आसावरीचा चेहरा किती दिवसांनी उजळला! "तुळशीराम तोंडाशीच उभा असायचा," ती म्हणाली. "शेठने काय केलं ते त्याने बघितलं असणार."

मागच्या महिन्यात आम्ही त्याच्याकडे गेलो. तो ओटीवर तीन उशांना टेकून बसला होता. एका वाक्याला दोनदा श्वास घेत होता. कमळा आता राहनाळच्या गोदामात पॅकिंगला जाते, आम्ही येणार म्हणून तिने ड्युटी बुडवली होती. आसावरी अगदी हळू विचारत होती. "तुळशीराम, मी आले होते ना मशीनं घेऊन, त्या तीन दिवसांत शेठने काही वेगळं करायला लावलं होतं का? पाणी त्याने मारायला लावलं?"

"शेठ?" तो हसला आणि हसण्याने खोकला. खोकला थांबेपर्यंत आम्ही सगळे जमिनीकडे पाहत बसलो. "शेठ कशाला लावतोय. पानी मी आनला. टँकरवाल्याच्या पाया पडून आनला. तुमी येनार, आनि घान दाखवाची काय तुमाला?"

कमळा म्हणाली, "पत्रे मी झाडले."

"आनि दगड?" त्याच्या डोळ्यांत खरीखुरी चमक आली. "तीन दिस पांढऱ्या शिरंचा एक दगड म्यां आत जाऊ दिला न्हाय. सगला बाजूला काडला. पावन्याच्या ताटात खडा कसा जाऊ द्यावा? नीट निवडून, सोच्छ काला माल चालवला, बाई. सहा वर्सं तुमी आमच्यासाटी खपलात."

आसावरीकडे बघायची माझी हिंमत होईना. सहा वर्षं ती ज्या गारेच्या मागे होती, ती त्याने स्वतःच्या हाताने, धापा टाकत, वेचून बाजूला ठेवली होती. गार दाखवायची आहे, लपवायची नाही, हे त्याला कोणीच सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, ज्याने मला गार दाखवली त्याला वेगळं काय सांगायचं? त्याला वाटलं, बाईंना गार तर माहीतच आहे, आता कामाची जागा चांगली दिसू दे. दोघंही शहाणी माणसं. आणि शेठला मी वर्षभर ज्या शिव्या घातल्या त्या सगळ्या फुकट गेल्या. तो पाजी असेल, पण या पापात त्याचा हात नव्हता.

जबाबाचा कोरा कागद आसावरीच्या पर्समध्ये होता. ती तो काढेना. मला कळलं का ते. लिहायचं काय? अर्जदाराने स्वतःच दगड बदलून चालवला? नमुन्यांत अर्जदारानेच ढवळाढवळ केली म्हणत समितीने त्याला लबाड ठरवून फाइल कायमची बंद केली असती, आणि त्या अकरा जणांचीही. लिहिलं तरी गेलं, न लिहिलं तरी गेलं. तिने पर्सची चेन ओढून बंद केली.

तुळशीरामने ते पाहिलं असावं. तो पुढे वाकून म्हणाला, "बाई, त्यो माजा दाखला आला न्हाय. तुमच्या कामात माज्याकडना काय कमी तर न्हाय ना पडला?"

माझी बायको चौतीस वर्षांत माझ्याशी खोटं बोललेली नाही. समितीसाठी आकडा हलवला नाही, माझ्यासाठी कधी कोणाला 'घरी नाहीत' म्हणून सांगितलं नाही.

"नाही हो, तुळशीराम," ती म्हणाली. "तुमच्याकडून काहीच कमी पडलं नाही. यंत्रात दोष होता."

त्याने सुटकेचा श्वास टाकला, जेवढा त्याला टाकता येतो तेवढा. कमळाकडे वळून म्हणाला, "आयकलास? मी बोललो व्हतो तुला." मग आसावरीला म्हणाला, "मशीन दुरुस्त झाली का परत या, बाई. पन आदी सांगून या. मी उटून सगला साफ करून ठेवीन."

ती हो म्हणाली.