ताईचा फोन बदलायला मुरुडला

मुरुडला गेले ती समुद्रासाठी नाही, फोनसाठी गेले. हे आधीच सांगते. ज्यांना फक्त जंजिरा आणि सुरमईची थाळी हवी आहे त्यांना रस्ता, बोट, जेवण यांची माहिती यातही मिळेल. पण ही सहल आनंदाची झाली नाही, आणि ती तशी झाल्याचं मी भासवणार नाही.

माझा फोन जुना आहे. बॅटरी दुपारपर्यंत कशीबशी टिकते आणि एका कोपऱ्यात काच तडकली आहे. या हिवाळ्यात त्यावर सूचना आली की निरोप आणि व्हिडिओ कॉलसाठी सगळे जे अ‍ॅप वापरतात, ते या फोनवर आता लवकरच बंद होणार. नवा घे, असं सगळे केव्हापासून सांगत होते. मी घेतला नाही, कारण माझी थोरली बहीण, ताई, हिच्याकडे हाच फोन आहे. आम्ही दोघींनी ते एकाच दुकानातून एकत्र घेतले. भावोजी गेल्यापासून ती मुरुडला नारळी-पोफळीच्या वाडीत एकटी राहते. तिचं काही अडलं की ती संध्याकाळी फोन करते आणि मी माझा फोन डोळ्यांसमोर धरून सांगते, खाली उजवीकडे हिरवं चौकोनी आहे ते दाब, आता वर तीन ठिपके आहेत तिथे जा. दोन्ही फोन सारखे असले तरच हे जमतं.

ताईचा मुलगा सुहास बंगळूरला असतो. त्याची एकच अट होती. आईने रोज सकाळी व्हिडिओ कॉलवर तोंड दाखवायचं, म्हणजे ती धडधाकट आहे हे त्याला दिसेल. ज्या दिवशी हे जमणार नाही त्या दिवशी तो येऊन तिला घेऊन जाणार. ताईला जायचं नव्हतं. त्यामुळे अ‍ॅप बंद होणं ही आमच्यासाठी बारीकसारीक गोष्ट नव्हती.

मी नेहमीच्या दुकानातून एक नवा फोन घेतला. दुकानदार ओळखीचा. म्हणाला, काकू, वरचं प्लॅस्टिक काढू नका, नाही जमलं तर परत घेईन. बेत सरळ होता. ताईला तो तीन दिवस शिकवायचा. तिला जमला तर अगदी तसाच दुसरा घ्यायचा, नाही जमला तर दोघींनी जुनेच ठेवायचे आणि सुहासशी भांडायचं.

गेटवेवरून सकाळची मांडव्याची बोट धरावी. तिकीट दोनशेच्या आसपास, त्यातच मांडव्याहून अलिबागच्या बसचे पैसे येतात. पावसाळ्यात बोटी बंद असतात, शनिवार-रविवारी रांग असते, तेव्हा मधल्या वारी निघावं. वरच्या डेकवर वारा बोचतो, कान बांधायला काहीतरी ठेवा. माझ्या शेजारी एक तरुण जोडपं होतं. मुलगी सीगलना वेफर्स भरवत होती आणि मुलगा तिचा व्हिडिओ काढत होता. पक्षी नीट आला नाही म्हणून तिने त्याला पुन्हा काढायला लावला, मग पुन्हा. शेवटी तो म्हणाला, अगं, पक्ष्याचं पोट भरलं आता, त्याला कसं सांगू परत ये म्हणून.

अलिबागला स्टँडजवळ जेवले. बांगडा थाळी चांगली होती, सोलकढी पाणीदार. तिथून मुरुडची एसटी घ्यावी, उजव्या बाजूची खिडकी धरावी. रेवदंड्यानंतर साळावचा पूल लागतो आणि मग रस्ता समुद्राच्या अगदी कडेने जातो. वळणं बरीच आहेत, ज्यांना बस लागते त्यांनी जेवण बेताने करावं. काशीदला सुरूच्या झाडांखाली गाड्यांची ही गर्दी. मला उतरावंसंही वाटलं नाही.

बसमध्ये शेजारी रिकाम्या टोपल्या घेऊन एक कोळीण बसली होती. मी खोका उघडून फोन बघत होते. तिने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "बाय, नवा हाय, मग कागुद का न्हाय काढत?" मी म्हटलं, परत द्यावा लागेल कदाचित. ती म्हणाली, "मग नवरा बी असाच आणायचा व्हता." मागच्या बाकावरच्या बायका हसल्या. मीही हसले. त्या प्रवासातलं ते शेवटचं हसू.

ताईचं घर बाजारापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. अंगणात सुपारी वाळत होती. ती ओट्यावर बसून सोलत होती, माझी चाहूल लागताच म्हणाली, शुभा, बस चुकली वाटतं तुझी. चहा तिनेच केला. पातेलं, साखरेचा डबा, कप, सगळं हाताशी. कपात बोटाचं पेर बुडवून चहा किती झाला हे तिने पाहिलं. मी म्हटलं, ही कसली सवय लावून घेतलीस? ती म्हणाली, माझाच कप आहे. म्हाताऱ्या माणसाच्या सवयी असतात.

रात्रीचं जेवण शेजारच्या नसीमाने पाठवलं, तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण. नसीमा शेजारच्या घरची सून, नवरा कतारला. ती दिवसातून दोन-चार वेळा ताईकडे डोकावते, हे मला माहीत होतं. मला बरंच वाटायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर फिरून आले. मुरुडचा किनारा लांब आहे आणि सकाळी तिथे कुणी नसतं. राहायचं असेल तर साध्या खोल्या बाजाराच्या बाजूला मिळतात, शनिवारी मात्र भाव दुप्पट होतो. जंजिऱ्याला जायचं तर राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी आहे. मी गेले नाही.

नाश्त्यानंतर शिकवणी सुरू केली. मी इतकी वर्षं कॉलेजात शिकवलं आहे, माझी पद्धत ठरलेली. आधी ओळख, मग कृती. नवा फोन ताईच्या हातात दिला. त्यातलं सगळं जुन्यासारखंच मांडून घेतलं होतं, तिला सोपं जावं म्हणून. आणि नेहमीच्या सवयीने मी माझा जुना फोन डोळ्यांसमोर धरला आणि सांगू लागले. खाली उजवीकडे हिरवं आहे, दिसलं?

"दिसलं," ताई म्हणाली.

दाब. तिने दाबलं. उघडलं का? उघडलं म्हणाली. आता सुहासचं नाव दिसतंय? दिसतंय, सगळ्यात वर आहे. मी शाबास म्हणून मान वर केली. तिच्या हातातल्या फोनची काच काळी होती. मी बोलत होते तेवढ्या वेळात तो आपोआप मिटला होता. ताईचा अंगठा खाली उजवीकडे, अगदी बरोबर जागी होता, आणि ती काळ्या काचेकडे पाहून हसत होती.

मी फोन तिच्या हातातून घेतला नाही. विचारलं, आता काय दिसतंय? ती म्हणाली, सुहासचा फोटो, टोपीतला. माझं गप्प राहणं तिला कळलं. हसू गेलं आणि तिने फोन हळूच मांडीवर पालथा ठेवला.

काचबिंदू. डावा डोळा केव्हाच गेला होता. उजव्यात कडेला थोडा उजेड होता, तोही चालला होता. अलिबागच्या डॉक्टरांनी थेंब दिले होते आणि गेलेलं परत येत नाही असं स्पष्ट सांगितलं होतं. तिने मला सांगितलं नव्हतं, सुहासला तर नाहीच. आमच्या संध्याकाळच्या शिकवण्यांमध्ये ती कितीतरी दिवस माझं नुसतं ऐकत होती.

मग रोज सकाळचा व्हिडिओ कॉल? तो नसीमा लावून द्यायची. फोन धरायची, ताईचं तोंड बरोबर मध्ये आणायची, आणि सुहास दिसताच ताईच्या हातावर बोट टेकवून तिच्या कानाशी पुटपुटायची. निळा शर्ट. दाढी वाढलीय. मग ताई म्हणायची, अरे निळा शर्ट घातलास, दाढी कर रे. नसीमाला बोलावून मी विचारलं तेव्हा ती उभीच राहिली, बसली नाही. "काकींनी शपथ घातली होती," ती म्हणाली. "मी तरी काय करू?"

मला राग आला. पण तिच्यावर रागवून काय करणार? तिचा व्हिसा आला होता. पुढच्या महिन्यात ती नवऱ्याकडे कतारला चालली होती. म्हणजे तेही संपलं.

मी अजून हरले नव्हते. या नव्या फोनमध्ये जे आहे ते वाचून दाखवायची सोय आहे, हे मला माहीत होतं. ती सुरू केली. बोट ठेवाल ते एक बाई बोलून दाखवते आणि दोनदा टोकलं की ते उघडतं. ताई दुपारभर माझ्यासमोर बसली. सुपारी सोलून सोलून तिच्या बोटांची टोकं इतकी कडक झाली आहेत की काचेला ती कळतच नाहीत. टोकलं तर उघडत नव्हतं, सरकवलं तर भलतंच उघडत होतं, आणि ती बाई एका सुरात बडबडत होती. बोट ओलं करून पाहिलं, तेल लावून पाहिलं. जुन्या फोनला खाली एक उंचवट्याचं बटण आहे, ते दाबलं की पहिल्यापासून सुरू करता येतं. ताई तेच शोधत होती. नव्याला बटण नाही. गुळगुळीत आहे सगळीकडून. शेवटी ती म्हणाली, "ही बाई थांबेल तेव्हा मी शिकेन," आणि फोन माझ्या हातात दिला.

संध्याकाळी मी म्हटलं, सुहासला सांगावं लागेल. तिने नाही म्हटलं नाही. फक्त एवढंच म्हणाली, "इथे मला संडास कुठे आहे ते कुणाला विचारावं लागत नाही, शुभा. तिथे रोज विचारीन."

मी तिला सांगू शकले असते की मी येऊन राहते. माझे गुडघे, दुसऱ्या मजल्यावरचं माझं घर, माझी डायलिसिसवरची नणंद, हे सगळं तिला माहीत होतं. तिने विचारलं नाही. मीही म्हटलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी कॉल मीच लावला. आधी नसीमाला घरी जायला सांगितलं. सुहास दिसला, पिवळा टी-शर्ट, मागे स्वयंपाकघर. ताई त्याच्याकडे तोंड करून बसली आणि काही बोलली नाही. तो म्हणाला, आई, आज शर्ट नाही आवडला का? मी त्याला सगळं सांगितलं, तिच्यासमोर, एकेक करून. तो मग म्हणाला, "मावशी, पण ती रोज रंग सांगायची." तो येत्या आठवड्यात येतो म्हणाला. वाडी खंडाने देता येईल, असंही म्हणाला. ताई सुपारीचं सूप घेऊन उठली आणि अंगणात गेली, कुठे अडखळली नाही.

परतीला मी दुपारची एसटी घेतली. मांडव्याची शेवटची बोट गाठायची तर मुरुडहून जेवणाआधी निघावं, नाहीतर पनवेलमार्गे रस्त्याने यावं लागतं आणि त्यात अख्खी संध्याकाळ जाते. मला तसंच यावं लागलं.

फोन मी परत केला नाही. दुकानदाराने विचारलं, जमला का? मी जमला म्हटलं आणि त्याच्यासमोरच वरचं प्लॅस्टिक काढून टाकलं. आता दोन फोन सारखे असण्याचं काही कारण उरलं नव्हतं. ज्यांना याच प्रश्नावर सल्ला हवा असेल त्यांनी ऐकावं. जुना टिकवून धरण्यामागे माणूस असेल तर टिकवा, आणि ते माणूस खरंच त्यात बघतंय का हे प्रत्यक्ष जाऊन पाहा. मी फार उशिरा गेले.

ताई बंगळूरला आहे. रविवारी सुहास तिला समोर बसवून व्हिडिओ कॉल लावतो. नव्या फोनवर चित्र फार स्वच्छ येतं. तिच्या गालावरचा तीळ दिसतो, साडीची किनार दिसते, मागच्या खिडकीतली चौदाव्या मजल्याची जाळी दिसते. ती माझ्या थोडी डावीकडे बघत बोलते. मी फोन डावीकडे सरकवते, तिच्या नजरेसमोर यावं म्हणून. ती तिकडेच बघत राहते.