शांताक्काच्या डोळ्यांतला धूर

भूमच्या तहसीलीसमोर झेरॉक्सचं एक दुकान आहे. तिथं हर्षाली पासपोर्ट फोटो काढायची. "हनुवटी वर घ्या मामा, हसू नका." दिवसभर एवढंच. पगार बेताचा. मोबाईलवरचे फोटो परदेशी साइटवर विकता येतात, असं कुणीतरी सांगितलं आणि ती नादाला लागली. सहा महिने सगळे फोटो परत. सूर्यास्त? असे लाखो आहेत आमच्याकडे. ज्वारीचं कणीस? हललंय.

तिच्या घराला लागूनच शांताक्काची खव्याची भट्टी. अक्कांचा मुलगा बसवेश सांगून सांगून थकला होता.

"आई, गडी हाय की कामाला. तू कशाला धुरात मरती?"

"मग काय तुझ्या टीव्हीपुढं बसून उलथणं फिरवू?"

सत्तरी ओलांडली तरी अक्का कढईपुढून हलायच्या नाहीत.

एके सकाळी लाकडं ओली होती. धुराचा लोट अंगावर आला आणि अक्कांनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं. उन्हाची तिरीप नेमकी गालावरच्या सुरकुत्यांवर. हर्षालीनं तेवढ्यात टिपलं.

साइटला माणसाच्या चेहऱ्यासाठी लेखी संमती लागायची.

"सही कशाची गं? रान तर न्हाय ना लिहून घेत माझं?"

"न्हाय हो अक्का. फोटो कुणी कशालाबी वापरला तरी तुमची हरकत न्हाय, एवढंच."

"माझं थोबाड कोण वापरतंय! आण पेन."

आता फोटो शोधणाऱ्याला सापडावा म्हणून खाली तीस शब्द भरायचे होते. भट्टी, दूध, खवा, धूर, म्हातारी... दहा-अकरा झाले आणि हर्षाली अडली. साइट आपणहून इंग्रजीत शब्द सुचवत होती. रडणारी. एकटी. गरीब. निराधार. बोट ठेवलं की शब्द आत. जितके शब्द जास्त, तितकं गिऱ्हाईक जास्त, असं तिनं एका व्हिडिओत ऐकलं होतं. तिनं सगळ्यांवर बोट ठेवलं.

पंधरा दिवसांत फोटो विकला गेला!

"किती आलं गं?"

"वडापाव येईल एवढं. पण बरंच साठल्याशिवाय हातात न्हाय येत."

अक्का खोकला येईस्तोवर हसल्या. "म्हंजी माझी किंमत एक वडापाव, अन् त्योबी उधारीवर!"

दोन महिन्यांनी बसवेश भर गर्दीत दुकानात शिरला. मोबाईल काउंटरवर आपटला.

"ही कोण हाय?"

कुठल्याशा वृद्धाश्रमाची देणगीची जाहिरात. पदर डोळ्यांना लावलेल्या अक्का, आणि वर ठळक अक्षरं: 'पोटच्या पोरांनी टाकलं. आता तुम्हीच आधार.'

"तामलवाडीच्या मामांचा फोन आला. आईला कुठं नेऊन टाकलंस म्हणले. भावकीच्या ग्रुपवर फिरतंय हे. आता म्या एकेकाला घरी आणून दाखवू का, ही बघा आई म्हणून?"

"दादा, त्यो धूर होता..."

"मला ठाऊक हाय धूर होता! त्यास्नी कोण सांगणार?"

हर्षालीनं साइटला पत्र लिहिलं. उत्तर लगेच आलं, गोड भाषेत. पुढची विक्री थांबवली आहे. झालेली विक्री मागं घेता येत नाही. संमतीवर सही आहे. आश्रमात फोन केला तर म्हणाले, जाहिरात एजन्सीनं केली, त्यांना विचारा. एजन्सीचा फोन नुसता वाजत राहिला.

संध्याकाळी ती अक्कांसमोर जाऊन बसली.

"काढायला सांगितलं का त्यास्नी?"

"सांगितलं. निघत न्हाय म्हणत्यात."

"अन् एकटी हाय, टाकल्याली हाय, हे त्यास्नी सांगितलं कुणी?"

"अक्का... ते शब्द म्याच भरले हुते. फोटो खपावा म्हणून."

अक्का चिडल्या नाहीत, चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तू तर रोज बघत हुतीस की गं," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी हर्षाली कामाला निघाली तेव्हा भट्टी पेटली होती. लाकडं पुन्हा ओलीच. धूर अक्कांच्या अंगावर आला, डोळे लालभडक झाले, पाणी गालावरून हनुवटीपर्यंत ओघळलं. रस्त्यानं माणसं जात होती. अक्कांनी मान ताठ धरली, उलथणं फिरवत राहिल्या, आणि पदराला हात लावला नाही.