सरकार जोडीनं पाटावर बसत नाही

साजगावच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली होती. डबा उघडतोय तोच बायकोचा फोन आला. "आवो, वैद्यबाई गेल्या. सकाळीच... अटॅक आला म्हनतात." मी म्हणालो, "बरं," आणि फोन ठेवला. बरं! माणूस गेल्याचं कळल्यावर बरं म्हणणारा तालुक्यात मी एकटाच असेन. डबा तसाच बंद केला. त्याला आता दीड महिना होऊन गेला. लिहिणं हा माझा प्रांत नव्हे. पण बाईंबद्दल आमच्या गावात सगळ्यात जास्त बोललो असेन तर तो मीच, आणि बोललो ते सगळं वाकडं. तेव्हा हे लिहायची पाळीही माझ्यावरच यावी, हे ठीकच आहे.

कडावच्या पुढं आमचं गाव. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत वैद्यबाई मुख्याध्यापिका म्हणून आल्या तेव्हा मी शाळा समितीचा अध्यक्ष होतो. बाई कर्जत शहरातल्या, जुन्या घराण्यातल्या. कपाळाला ठसठशीत कुंकू, संकष्टीला डब्यात वरईचा भात. रोज एसटीनं यायच्या, आणि गाडी चुकली की कोणाच्याही दुधाच्या टेंपोत पुढं बसून यायच्या. शिकवणं असं की चौथीचं पोर घरी येऊन मला हिशेबात पकडायला लागलं. मला म्हणायच्या, "अध्यक्ष, तुम्ही भांडायला फार छान येता, पालकसभेलाही येत जा." मी हसायचो. आमचं चांगलं जमत होतं, ते नवी खोली बांधून होईपर्यंत.

खोली झाली. आमच्याकडं घर झालं, दुकान झालं, नुसती बोअर मारली तरी सत्यनारायण घालतात. मी सभेत सांगून टाकलं, सोमवारी पूजा, भटजी मी बघतो, शिऱ्याचं बायका बघतील. बाई शांतपणे म्हणाल्या, "शाळेत पूजा नको." मी म्हटलं, "का नको? देवाचं काम हाय, चोरी नाय." बाई म्हणाल्या, "यजमान कोण?" मला कळेना. "पूजेला यजमान लागतो ना? ज्याचं घर तो जोडीनं पाटावर बसतो. ही शाळा सरकारची. सरकार जोडीनं पाटावर बसत नाही." चारदोन बायका फिदीफिदी हसल्या, आणि तिथंच माझं डोकं फिरलं. शाळेत नसीम होती, टेंपोवाल्या रफिकची पोरगी, आणि वाडीवरची दोन बौद्ध घरांतली मुलं. मी म्हटलं, ज्याला पूजा नको त्यानं त्या दिवशी घरी ऱ्हावं. "आणि मी त्यांना गैरहजर मांडू?" बाई म्हणाल्या. "भरल्या शाळेच्या दिवशी?" मग मी शेवटचं काढलं, "भिंतीवर सरस्वतीचा फोटो चालतो, तो बरा!" बाईंनी फोटोकडं बघितलं. मग म्हणाल्या, "तो माझ्या आधीपासून आहे. तो उतरवायचं धैर्य माझ्यात नाही, अध्यक्ष. पण नवीन काही टांगणार नाही, एवढं माझ्या हातात आहे." आज वाटतं, किती खरं बोलली ती बाई. तेव्हा मला वाटलं, सापडली!

घरी येऊन मी अर्ज लिहिला. तालुक्याच्या ऑफिसला. त्यात काय काय लिहिलं ते इथं सांगायलासुद्धा लाज वाटते. नास्तिक आहेत, गावाच्या देवाधर्माचा द्वेष करतात, पोरांवर वाईट संस्कार होतात... ज्या बाईचा संकष्टीचा डबा मी स्वतः बघितलेला, तिला मी नास्तिक म्हटलं. अंगठ्यासकट तेवीस सह्या गोळा केल्या. निम्म्यांना तर अर्जात काय आहे हेही ठाऊक नव्हतं. माझ्या शब्दावर केल्या त्यांनी.

सोमवारी आम्ही हार घेऊन दारात उभे. बाईंनी नारळ फोडू दिला नाही. चौथीच्या पोरांना ओळीनं नव्या खोलीत नेलं, फळ्यावर तारीख घातली आणि सरळ अपूर्णांक शिकवायला घेतले. झालं उद्घाटन! मी तो हार बैलाच्या गळ्यात घातला, इतका राग. पुढं काही महिन्यांनी बाईंची बदली झाली, डोंगरातल्या एकशिक्षकी शाळेवर. माझ्या अर्जामुळं की नियमानं, ते ऑफिसलाच माहीत. पण गावात मी सांगत सुटलो, आपणच घालवली. गुडघे दुखायचे बाईंचे. त्या शाळेला शेवटचा चढ पायी होता.

नवे गुरुजी आले, त्यांचं काही म्हणणं नव्हतं. मग आम्ही हौसेनं पूजा घातली, आणि दर वर्षी घालायची असंही ठरवलं. केळीचे खांब, चौरंग, माईक. यजमान म्हणून मी आणि बायको पाटावर. आरती झाली आणि मी प्रसादाचं ताट घेऊन बाहेर आलो, तर पाण्याच्या टाकीजवळ नसीम आणि वाडीवरची ती दोन पोरं उभी. कोणी त्यांना बाहेर काढलं नव्हतं, कोणी आतही बोलावलं नव्हतं. आपली उभी राहिली होती, दप्तरं पाठीवर तशीच. मी शिरा पुढं केला. नसीमनं हात पुढं केला नाही. विचारलं, "काका, आमी आज हजर हाव का गैरहजर?"

मी शाळेचा अध्यक्ष, हातात देवाचा प्रसाद, आणि एवढुशा पोरीकडं पाठ फिरवून मी ताट घेऊन तसाच आत गेलो. बाई सभेत काय म्हणत होत्या ते मला त्या टाकीपाशी कळलं. पुढच्या वर्षी मी पूजा बंद करायला लावली. लोकांनी विचारलं का, तर कंबर दुखते, पाटावर बसवत नाही, असं सांगितलं. खरं कारण सांगायची हिंमत माझ्यातही नव्हतीच.

मागल्या वर्षी कर्जतच्या एसटी स्टँडवर बाई दिसल्या. पिशवी घेऊन बाकावर बसलेल्या, केस पांढरे झालेले. मला बघून हसल्या. "काय अध्यक्ष, नसीम कितवीत आहे आता?" आठवीत, म्हटलं. "गणित?" पहिला नंबर, म्हटलं. त्यांचा चेहरा असा काही उजळला... तेव्हाच बोलायचं होतं. बाई, चुकलं माझं, एवढंच. तीन शब्द. मी भातावरच्या रोगावर बोललो. मग त्यांची गाडी लागली.

बाई गेल्यावर तेराव्यानंतर मी त्यांच्या घरी गेलो, पहिल्यांदाच. वैद्यकाकांनी, म्हणजे बाईंच्या यजमानांनी, दार उघडलं. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं. म्हणाले, "हां, अध्यक्ष! तुमचं नाव तर आमच्या पूजेत घेतलंय." मी म्हटलं, कसल्या पूजेत? मग ते सांगायला लागले. शाळेची नवी खोली सुरू झाली त्या दिवशी संध्याकाळी बाईंनी घरी सत्यनारायण घातला होता. "आमचं घर, आमचा पाट. आम्ही दोघं बसलो. संकल्पाला तिनं यादीच दिली भटजींना, शाळेतल्या सगळ्या मुलांची. मुलांच्या घरी आधी विचारून आली होती. रफिकला मुद्दाम विचारलं होतं, तुमच्या मुलीचं नाव घेतलं तर चालेल का. तो म्हणाला, घ्या की बाई. शेवटी तुमचं नाव. भटजींनी तुमचं गोत्र विचारलं, ते तिला कुठलं माहीत? मग ज्याचं गोत्र ठाऊक नाही त्याचं काश्यप, म्हणून त्यांनी काश्यप म्हटलं."

मला राहवेना. म्हटलं, "काका, बाईंविरुद्ध तो अर्ज माझा होता." काका म्हणाले, "ठाऊक होतं तिला. त्याची नक्कल शनिवारी हातात पडली. पूजा सोमवारची."

आमचं गोत्र काश्यप नाही. मी काकांना ते सांगितलं नाही.