गेलेली लाईट आणि घालवलेली लाईट

माझं सासर किन्हवलीजवळच्या एका गावात. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला आमच्याकडे लोडशेडिंगचा कहर होता. सकाळी चार तास, संध्याकाळी चार तास, आणि मध्ये तारा तुटल्या तर ते वेगळे. माझी मुलगी तेव्हा सात महिन्यांची होती. वैशाखात घामोळ्यांनी तिची पाठ लाल व्हायची. मी पुठ्ठ्याने वारा घालत बसायचे आणि पुठ्ठा थांबला की ती रडायची. शेवटी मी नवऱ्याला सांगितलं, इन्व्हर्टर घ्या, नाहीतर मी माहेरी जाते. तसं माझं माहेर टोकावडे, आणि लाईट तिथेही जायचीच. पण धमकी ती धमकी.

नवऱ्याने शहापूरच्या बाजारपेठेतला एक दुकानदार पाहून ठेवला. आसनगावला गाडी पकडायला जाताना रोज त्याचं दुकान लागायचं. माझ्या भावाने मुरबाडचा एक सुचवला. झालं, घरात दोन पक्ष पडले. नवरा म्हणे शहापूर, मी म्हणे मुरबाड. इन्व्हर्टरमधलं आम्हां दोघांनाही ओ की ठो कळत नव्हतं. जेवताना नवरा पाण्याचा तांब्या पुढे सरकवता सरकवता शहापूरची वॉरंटी सांगायचा, आणि मी आमटी वाढताना मुरबाडची.

निवाडा सासऱ्यांकडे गेला. सासरे शेतकरी माणूस. बैल घ्यायचा तर बाजारात कधीच पैसे मोजायचे नाहीत. आधी घरी आणून दिवसभर नांगराला जुंपायचे. त्यांनी हाच न्याय इथे लावला. दोघांनाही निरोप धाडला की आपापलं मशीन घेऊन रविवारी सकाळी या.

रविवारी साडेआठला दोघे हजर झाले. शहापूरवाला चाळिशीचा, खिशात तीन पेनं लावलेला. तो मोटारसायकलवर मशीन मागे बांधून आला आणि बॅटरी त्याने दूधवाल्याच्या टेम्पोतून पाठवली होती. मुरबाडवाला माझ्या भावाच्या वयाचा. तो जीपमधून बॅटरी मांडीवर घेऊन आला होता, त्यामुळे पहिला अर्धा तास त्याचे पाय सरळ होईनात. दोन्ही मशीनं पुढच्या खोलीत शेजारी शेजारी ठेवली. सासऱ्यांनी सांगितलं, दोन्हीवर सारखं ओझं पाहिजे. आमच्याकडे टेबलफॅन एकच. मग शेजारच्या काकांचा मागून आणला. प्रत्येक मशीनला एक टेबलफॅन आणि एक ट्यूब जोडली. फॅन मागितल्यामुळे काकाही येऊन बसले. आपला फॅन परक्याच्या हातात सोडायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

साडेनऊला लाईट जायची वेळ. सगळे ट्यूबकडे बघत बसले. पावणेदहा झाले, दहा झाले, लाईट जाईना.

शहापूरवाला म्हणाला, "बाबा, मी मेन स्विच बंद करतो. दोन मिनिटांत काय ते दिसेल."

सासरे म्हणाले, "ती तुमी घालवलेली लाईट. मला गेलेली लाईट बघायची हाय."

त्याने समजावलं की मशीनला दोन्ही सारखंच. पण सासऱ्यांचं म्हणणं, आपण स्वतः घालवली की मशीन सावध राहतं. खरी लाईट न सांगता जाते, तेव्हाच कोण कसा ते कळतं. मुरबाडवाल्याने यावर होकाराची मान डोलावली. मला वाटलं, हा पोरगा धंद्यात पुढे जाईल.

अकरा वाजले. पहिल्यांदाच रविवारी सकाळी गावात सलग लाईट होती. सासूबाईंनी संधी साधली. मिक्सर काढला, खोबरं-लसणीचं तिखट वाटलं, मग शेंगदाण्याचं कूट केलं. आवाज ऐकून आळीतल्या दोघी-तिघी आपापली भांडी घेऊन आल्या. घरात मिक्सरचा आवाज, दोन टेबलफॅन, दोन ट्यूब भर उन्हात चालू, आणि मधोमध सासरे खुर्चीत कपाळाला आठ्या घालून, की लाईट का जात नाही. माझी मुलगी मात्र दोन फॅनच्या वाऱ्यात ढाराढूर झोपली होती.

बाराला सासऱ्यांनी मला वायरमनला फोन लावायला लावला. रिसीव्हर स्वतः घेतला. वायरमनने सवयीने विचारलं असावं, कधी गेली. सासरे म्हणाले, "नाय गेली, म्हणून तर फोन केला. कवा जाईल?"

वायरमनला वाटलं, कोणी थट्टा करतंय. त्याने नाव-गाव विचारलं आणि अर्ध्या तासात सायकलवरून घरीच आला. त्याला सगळी हकीकत सांगितली. त्याने सांगितलं की तालुक्याला कुणी मोठे पाहुणे कार्यक्रमाला आलेत, ते परत जाईपर्यंत आज लोडशेडिंग नाही. मग त्याला आमची दया आली. म्हणाला, हवं तर तुमच्या पोलावरचा फ्यूज काढतो. शहापूरवाला आशेने उठून उभा राहिला.

सासरे म्हणाले, "ती पण घालवलेलीच झाली." शहापूरवाला परत बसला. वायरमनला चहा झाला, मग तोही बसला.

जेवायला आता बाहेरची माणसं चार झाली. सासूबाईंनी तांदळाच्या भाकऱ्या थापायला घेतल्या, मी सुकटीची चटणी आणि कैरीचं सार केलं. मी वाढत होते तेव्हा दोघे विक्रेते एकमेकांशी हळू आवाजात बोलत होते. सकाळपासून एकमेकांकडे न बघणारी ती माणसं आता कोणता माल कुठून उचलता यावर आली होती. आणि बोलता बोलता निघालं, की दोघेही कल्याणच्या एकाच गोदामातून मशीनं आणतात. पेटी तीच, बॅटरी तीच. वरचं स्टिकर तेवढं ज्याने त्याने आपलं चिकटवलेलं. दोघांचे घास हातातच राहिले. मग मुरबाडवाल्याने खाली मान घालून आणखी एक भाकरी मागितली.

मी धावत चुलीपाशी गेले आणि सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "गप ऱ्हा. आता सांगितलंस तर उठतील ते. ह्या एवढ्या भाकऱ्या कोण खाईल?"

मी गप्प राहिले. खरं तर मला जरा वाईटही वाटत होतं. दोन आठवडे मी नवऱ्याशी मुरबाडच्या मशीनवरून भांडले होते, आणि ते शहापूरच्यासारखंच निघालं होतं. नवराही आत पाटावर होता, पण तो भातात इतका गुंतलेला होता की त्याने काही ऐकलं नाही.

दुपारी सगळे पुरुष दोन फॅनच्या वाऱ्याला ओळीने आडवे झाले. सासरे तेवढे जागे होते. राखण करायला बसल्यासारखे.

पाच वाजून गेल्यावर, कोणाचं लक्ष नसताना, लाईट गेली. आळीतून रोजच्यासारखा "गेली रे" असा आवाज उठला. आमच्याकडे एक टक झालं, ट्यूब डोळे मिचकावल्यासारख्या झाल्या, आणि फॅन फिरत राहिले. दोन्ही. सासरे आधी एका फॅनसमोर उभे राहिले, मग दुसऱ्यासमोर. सदरा कुठे जास्त फुगतो ते पाहिलं. मशीनवर हात ठेवून गरम होतं का ते पाहिलं, बैलाची पाठ चाचपावी तसं. मग मध्ये खुर्ची टाकून बसले. असे दोन तास गेले. शेवटी त्यांनी कबूल केलं की दोन्हींत काहीच फरक कळत नाही, आणि उद्या परत बघावं लागेल.

उद्या म्हटल्यावर शहापूरवाल्याचा चेहरा पडला. सासूबाई दारात आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "दोनी एकाच गोदामातली हायत. जेवताना बोलत व्हते."

सासऱ्यांनी दोघांकडे पाहिलं. "मंग सकाळीच सांगायचं नाय का?"

मुरबाडवाला म्हणाला, "बाबा, आमालाच दुपारी कळलं."

हे ऐकून सासरे इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि वायरमनने त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्या. नवरा माझ्याकडे बघत होता, मी मुलीचं अंगडं नीट करत होते.

तेवढ्यात शेजारच्या काकांनी घसा साफ केला. म्हणाले, शहापूरवालं मशीन मी घेतो. आपला फॅन दिवसभर त्यावर चालला, आता त्याला सवय झालीय. कोणी हसलं नाही, कारण काका गंभीर होते. अशी शहापूरची पेटी शेजारी गेली आणि मुरबाडची आमच्याकडे राहिली. मुरबाडवाल्याला शहापूरवाल्याने मोटारसायकलवरून नाक्यापर्यंत सोडलं. जाताना दोघे मोठमोठ्याने गप्पा मारत होते. ओट्यावरून मी नवऱ्याला सांगितलं, बघा, शेवटी मुरबाडच. तो म्हणाला, पेटी कल्याणची आहे. पण मी जिंकले होते.

मुलीची घामोळी आठवड्यात गेली. सासरे मात्र काही दिवसांनी घुमे झाले. काय होतंय सांगेनात. मग एका संध्याकाळी सासूबाईंजवळ बोलले. आधी लाईट गेली की गावातली सगळी म्हातारी माणसं उकाड्याने घराबाहेर यायची आणि देवळाच्या पायरीवर जमायची. आता आमच्या घरात लाईट गेलेली कळतच नव्हती. सासरे फॅनखाली बसून राहायचे, आणि तिकडे सगळ्या गप्पा होऊन जायच्या. कोणाची म्हैस व्याली, कोणाचं लग्न मोडलं, हे त्यांना सर्वांत शेवटी कळायचं.

नवऱ्याने वायरमनला बोलावून ओट्यावरचा एक बल्ब मशीनवरून काढून थेट लाईनवर जोडला. तेव्हापासून सासरे संध्याकाळी खुर्ची ओट्याकडे तोंड करून ठेवायचे. बल्ब विझला की चपला पायात सरकवायचे आणि निघायचे. आत त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर फॅन फिरत असायचा, आणि मी मुलीला उचलून तिथे बसायचे.