अर्ध्या डोक्याची परीक्षा

नातीचे केस माझ्यावर गेलेत. हे मी सगळ्यांना सांगते, कुणी विचारलं नाही तरी सांगते. दाट, कुरळे, कमरेखाली पोचणारे, आणि आपण विंचरून पाठ वळवली की पुन्हा स्वतःच्या मनाने चालणारे. तिच्या आईचे केस सरळ, तिच्या आईच्या आईचे त्याहून सरळ. तेव्हा या केसांवर हक्क कुणाचा, हे निदान मला तरी स्वच्छ दिसत होतं. अडचण एवढीच, की केस राहायचे रोह्याला, वरसे गावात, आणि मी पेणला.

ही सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा बासष्ट वर्षांची, म्हणजे अगदीच पोरसवदा. शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती आणि अक्कल अजून यायची होती. मुलाची कंपनीत शिफ्ट, सुनेचं ऑफिस. त्यामुळे शाळेच्या आधी आणि नंतर नात तिच्या आईच्या आईकडे, म्हणजे माझ्या विहीणबाईंकडे असायची. त्यांचं घर दोन गल्ल्या टाकून. रोज सकाळी नातीची वेणी त्यांच्या हातची. माझ्या वाट्याला ते डोकं यायचं सणाला आणि मे महिन्यात. मी हौसेने फोन करावा आणि पलीकडून नातीने म्हणावं, "थांब हं आजी, रोह्याची आजी वेणी घालतेय." माझा चहा त्या दिवशी कडू लागायचा. साखर घालून बघितली आहे, उपयोग होत नाही.

त्या वर्षी शाळेच्या गॅदरिंगमध्ये नातीचा एकटीचा नाच होता. बाईंनी बजावलं होतं, अंबाडा घट्ट हवा, एकही बट सुटता कामा नये. आदल्या वर्षी पार्लरवालीने स्प्रे मारून मारून केस बसवले होते. केस बसले, पण पोरीच्या कपाळभर पुरळ उठलं, दोन दिवस खोकली, आणि डोकं हाताला काथ्यासारखं लागायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, पुन्हा हे नको. मग घरात प्रश्न उभा राहिला, की एवढं रान बसवायचं कशाने?

विहीणबाईंकडे उत्तर तयार होतं. फोनवर म्हणाल्या, "जवस लावू."

"जवसाची चटणी करतात," मी म्हटलं.

"केसांना पण लावतात, विहीणबाई," त्या म्हणाल्या. अगदी मऊ आवाजात. भांडखोर बाई परवडते हो, तिच्याशी निदान भांडता तरी येतं.

मी तिथल्या तिथे ठोकून दिलं, की आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पेजेचं पाणी लावतात. पिढ्यान्‌पिढ्या म्हणजे माझी आई, एकटी. लहानपणी माझ्या वेण्यांतून बाहेर पडणारी कुरळी पिल्लं ती पेजेच्या पाण्याने चापून बसवायची, एवढं मला पक्कं आठवत होतं. बाकी काही आठवत नव्हतं, पण तेव्हा तेवढंच पुरेसं वाटलं.

तोडगा नातीनेच काढला. "रविवारी दोघी या. डावी बाजू पेणच्या आजीची, उजवी रोह्याच्या आजीची. मी दुपारी नाच करून बघते. जिची बाजू टिकेल, तिने गॅदरिंगला केस बांधायचे."

रविवारी पहाटे उठून मी जुन्या तांदळाची पेज शिजवली. जुन्या सुती साडीच्या तुकड्यातून दोनदा गाळली, गार केली आणि काचेच्या बाटलीत भरली. एसटीत ती बाटली मांडीवर उभी धरून बसले. वडखळला गाड्यांची रांग लागलेली. अर्धा तास बस जागची हलली नाही आणि मी बाटलीवरचा हात काढला नाही. शेजारच्या बाईने विचारलं, "आजारी कोण हाय गो?"

"कुणी नाही," मी म्हटलं, "केस आहेत."

तिने खिडकीकडे तोंड वळवलं.

वरशात पोचले तर विहीणबाईंच्या शेगडीवर पातेलं. दोन चमचे जवस, वाटीभर पाणी, मंद आच. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटल्याबरोबर त्यांनी ते गरम असतानाच फडक्यातून पिळून काढलं. "गार झालं की फडक्यातनं उतरत नाय," त्या मला म्हणाल्या. मी विचारलं नव्हतं. ऐकलं मात्र नीट.

नात स्टुलावर बसली. मधोमध भांग. ओल्या केसांवर मी माझ्या बाजूला पेज थापली, त्यांनी त्यांच्या बाजूला ती बुळबुळीत जेली बोटांनी मुळापासून टोकापर्यंत ओढून लावली. मग दोघींनी आपापली वेणी घातली. तासाभरात माझी बाजू वाळून अशी कडक झाली, की वेणीवर टकटक करावी. चकाकत होती. त्यांची बाजू नुसतीच मऊ, साधी, जणू काही लावलंच नाही.

"तुमचं टिकायचं नाही हो," मी कळवळून म्हटलं.

"बघू की. नाचू दे तिला."

जेवण झाल्यावर नात नाचली. अर्धा तास, घाम निथळेपर्यंत. थांबली तेव्हा उजवी वेणी होती तशी होती. डावी वेणी फुगली होती. केसांच्या कडेने बारीक पांढरा थर धरला होता, आणि मानेवर जिथे ती वेणी घासत होती तिथे लाल पट्टा उठला होता.

"आजी, खाजतंय," नात म्हणाली. स्प्रेच्या वेळी म्हणाली होती अगदी तसंच.

विहीणबाई जवळ आल्या. एक बट चिमटीत धरून चोळली आणि बोट जिभेला लावलं.

"मीठ हाय यात."

"छे हो, मीठ कसं असेल?"

"हाय. माझी आय मिठागरावर जायची. संध्याकाळी तिची वेणी सोडवायला बसलं, की हाताला अशीच लागायची. आणि अशीच चावायची."

आणि मला माझाच हात दिसला. पाण्याला आधण आलं की तो आपोआप मिठाच्या बरणीकडे जातो. आमच्याकडे भाताच्या पाण्यात मीठ पडल्याशिवाय तांदूळ वैरत नाहीत, मग ती पेज पोटात जायची असो की डोक्यावर. माझी आई वेण्यांसाठी वेगळी, अळणी पेज काढत असणार. पण ते बघायला मी कधी स्वयंपाकघरात थांबले होते? गंमत पुढे आहे. मी शाळेत विज्ञान शिकवायचे. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, पावसाळ्यात बरणीतलं मीठ ओलं का होतं, हा प्रश्न मी दर वर्षी परीक्षेत घालायचे आणि उत्तर चुकलं की पोरांचे गुण कापायचे. इथे मी घामेजल्या पोरीच्या डोक्याला खारवून ठेवलं होतं.

"चव बरी हाय पण," विहीणबाई म्हणाल्या. "लोणच्याची फोड आणू?"

नात हसता हसता स्टुलावरून घसरली. मीही हसले, दातांपुरती.

पण खरं लागलं ते नंतर. संध्याकाळी सून बाजारातून आली, लेकीची मान बघून विचारायला लागली. मी तोंड उघडायच्या आत विहीणबाईच म्हणाल्या, "काय नाय गो, पेज जरा जास्त घट्ट झाली." बस, तेवढंच. मिठाचा म नाही. त्यांनी मला झाकलं. हरवलं ते मी त्यांना केव्हाच माफ केलं, झाकलं ते अजून पचलेलं नाही.

गॅदरिंगला केस अर्थातच त्यांनी बांधले. आम्ही दोघी पहिल्या रांगेत शेजारी शेजारी. पडदा उघडला आणि मी नजर लावली ती अंबाड्यावर. एक बट सुटावी. एकच, कानामागची, छोटीशी. पोरीचं काही बिघडू नये, पण विहीणबाईंना दिसावी. नात गिरकी घ्यायची आणि माझी आशा पालवायची. एकही सुटली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मागची एक बाई डोळे पुसत होती. आज कुणी मला विचारलं, की नातीने कुठला नाच केला, पायांत चाळ होते की नव्हते, तर मला सांगता येणार नाही. एवढी मोठी बाई, नातीचा पहिला एकटीचा नाच, आणि मी एक अंबाडा बघून घरी आले.

मुलाच्या घरी आल्यावर केस सोडायची वेळ झाली. जेली वाळलेली, आत आकडे आणि पिना खुपसलेल्या, त्यात कुरळे केस. विहीणबाईंनी दोन आकडे काढले, तिसऱ्याला नात कळवळली. त्यांनी आणखी एकदा करून बघितलं, मग हात मागे घेतला. "मला ह्ये जमत नाय," त्या म्हणाल्या. "माझ्या केसांत जन्मात गुंता झाला नाय. रोजची वेणी येगळी, ह्ये येगळं. तुम्ही बघा, विहीणबाई."

मी पाण्यात हात बुडवला. आधी जेली ओली करून सैल केली, मग खोबरेल तळहातावर घेतलं आणि टोकाकडून सुरुवात केली. कुरळ्या केसांचा गुंता मुळाकडून सोडवायला गेलात तर तो हट्टाला पेटतो. टोकाचा एक वेढा, मग त्याच्या वरचा, कंगवा न लावता नुसत्या बोटांनी. बासष्ट वर्षं मी हेच माझ्या डोक्यावर करत आले होते, आणि बहुतेक वेळ शिव्या देत. नातीची मान हळूहळू माझ्या गुडघ्यावर कलली.

"तू ओढत नाहीस," ती डोळे मिटून म्हणाली.

विहीणबाई समोर खुर्चीवर बसून बघत होत्या. घरी जायची वेळ झाली तरी उठेनात. बराच वेळ गेल्यावर म्हणाल्या, "झालं ना आता? बाकीचं उद्या सकाळी मी विंचरीन की."

आवाज तोच मऊ. पण त्यात खाली एक बारीकसा काटा होता, आणि तो काटा मी चांगला ओळखत होते. पेणला चहा पिताना रोज माझ्याच घशात असायचा.

"झालंच हो," मी म्हटलं, आणि उरलेले आठ आकडे काढायला तासभर लावला.