दादाच्या फोनमधली माझी जाहिरात

लोक फोनवर काय शोधतात ते बघून त्यांच्यासमोर नेमकी जाहिरात ठेवायची, हा माझा धंदा. नाशिकरोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये गॅलरीत टेबल टाकून मी तो करते. आईला वाटतं मी टायपिंगची कामं घेते. मीही तिला कधी नीट समजावलं नाही, कारण लोकांनी काय शोधलं ते तुला गं कसं कळतं, हा तिचा पहिलाच प्रश्न असता.

माझ्या गिऱ्हाइकांत कानाच्या मशीनचं एक दुकान आहे. कुणी त्यांच्या वेबसाइटवर येऊन, मशीन बघून निघून गेला, की पुढे महिनाभर तो फोनवर काहीही बघो, आमची जाहिरात त्याच्या मागे मागे जायची. खरं तर आजारपणाच्या बाबतीत असा पाठलाग करायचा नाही, असा नियम आहे. पण कानाचं मशीन म्हणजे काय आजार थोडाच, ती तर वस्तू, असं मी स्वतःला पटवलं आणि ते इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या यादीत ढकलून दिलं. जाहिरातीतली ओळही माझीच: ‘ऐकायला त्रास होतो ना? तुम्ही पाहून गेलेलं मशीन अजून तुमची वाट बघतंय.’ दुकानाचे मालक या ओळीवर भलतेच खूश होते आणि मीही शेफारले होते.

माझा मोठा भाऊ अंबडच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर कामाला. पत्रा दाबायचं ते मशीन दिवसभर कानाशी धाडधाड आपटत असतं. घरी तो टीव्हीचा आवाज मोठा करायचा, हाक मारली तर ओ द्यायचा नाही. वहिनी म्हणायची, यांना सोयीचं तेवढंच ऐकू येतं, आणि आम्ही सगळे हसायचो. मी तर दिवसभर कानाचीच मशीनं विकत होते. तरी मला सुचलं नाही, याचा राग मला अजून येतो.

एकदा सुट्टीच्या दिवशी दुपारी दादा एकटाच आला. वहिनीला का आणलं नाहीस, असं आईने विचारलं तेव्हा नुसता हसला. आई चहा टाकायला आत गेल्यावर त्याने मला सगळं सांगितलं. कारखान्यात फोन कुणा एकाचा नसतो. जॉबचा, म्हणजे बनवायच्या मालाचा, फोटो असो की मॅचचा स्कोअर, ज्याचा फोन हाताशी असेल तो सगळ्यांच्या हातांतून फिरतो. त्या दिवशी प्रेसच्या डायला, पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याला, तडा गेला होता. तशीच डाय दुरुस्त करण्याचा व्हिडिओ बघायला सुपरवायझरने दादाचा फोन घेतला. व्हिडिओच्या आधी जाहिरात लागली, ‘ऐकायला त्रास होतो ना?’ चार जण वाकून बघत होते, चौघांनी ती वाचली. दादा मशीनकडे वळला तेव्हा सुपरवायझरने मागून त्याला साध्या आवाजात हाक मारली. दादाने वळून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याला कानाच्या तपासणीला पाठवलं, आणि आता रिपोर्ट यायचा होता. धोक्याचा हॉर्न ऐकू न येणारा माणूस प्रेसवर कोण ठेवील? या वयात दुसरीकडे कोण घेईल?

“मी कुणाला बोललो नव्हतो,” दादा म्हणाला. “घरात पण नाही. फक्त फोनला विचारलं होतं, त्यातच मशीनं बघितली होती. मग त्याने सगळ्यांना कसं सांगितलं गं?”

मी खाली मान घालून सांगितलं, दादा, ती जाहिरात मी लावली होती. त्याला ऐकू गेलं नाही. तो तसाच माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग मला तेच वाक्य मोठ्याने म्हणावं लागलं, इतकं मोठ्याने की आई चिमटा हातात घेऊन बाहेर आली.

मी समजावत सुटले. आम्हाला नावं दिसत नाहीत, नुसते आकडे दिसतात, तो फोन तुझा आहे हे मला कसं कळणार, वगैरे. दादा शांतपणे ऐकत होता, म्हणजे माझे ओठ बघत होता. मग म्हणाला, “म्हणजे तुला कळलं नाही, आणि साहेबाला कळलं.” चहा न घेताच तो गेला.

त्याच संध्याकाळी मी पाठलाग करणारी जाहिरात बंद केली. मालक चांगलेच तडकले. असं मध्येच मन बदलणाऱ्या बाईबरोबर काम कसं करायचं, असं त्यांनी तोंडावर विचारलं. तसाही तो धंदा डळमळायला लागलाच होता. फोन आता माग काढू देण्याआधी परवानगी विचारतात आणि लोक सरळ नाही म्हणतात. शिवाय प्रश्न विचारला की एआय तिथल्या तिथे उत्तर देतं, वेबसाइट उघडायची गरजच उरत नाही. क्लिक कमी होत होते. मी घाबरले होते, हे कबूल करते.

आठवड्याने मी दादाकडे गेले आणि त्याने फोनला नेमकं काय विचारलं होतं ते दाखव म्हटलं. त्याने जरा आढेवेढे घेतले, मग फोन पुढे केला. त्याला टाइप करायचा कंटाळा, सगळं बोलून विचारलेलं. प्रेसवर काम करून कान गेले तर कामावरून काढतात का? मशीन लावून हेल्मेट बसतं का? बायकोला कसं सांगायचं? एकाही प्रश्नात किंमत नव्हती, आणि आमच्या अख्ख्या वेबसाइटवर किंमत आणि सवलत सोडून दुसरं काही नव्हतं.

दुकानात कान तपासणाऱ्या मॅडम आहेत. त्यांच्यासमोर बसून मी या प्रश्नांची सरळ उत्तरं लिहिली. जिथे त्या म्हणाल्या की नक्की सांगता येत नाही, तिथे तसंच लिहिलं. हे पान वाचणाऱ्याची आम्ही कुठलीही नोंद ठेवत नाही, हेही लिहिलं, आणि खरोखर ठेवली नाही. हे चालतं का ते बघायला मालकांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली. दिवाळीच्या आधीच बोलून शोधणाऱ्यांना एआय आमचीच उत्तरं दुकानाच्या नावासकट द्यायला लागलं. क्लिक वाढले नाहीत. पण लोक दुकानात येऊन हेल्मेटचं विचारायला लागले, आणि मालकांनी मुदतीचा विषय पुन्हा काढला नाही.

मला भाबडेपणा करायचा नाही. लोक या बोलक्या यंत्राला आता सख्ख्या माणसाला सांगणार नाहीत ते सांगतात, आणि उद्या त्या उत्तरांच्या पोटातही जाहिराती बसतील. माझ्यासारखं कुणी तिथेही पळवाट शोधेल. तरी ज्याला खरंच काही विचारायचंय त्याला खरं उत्तर देऊनही दुकान चालतं, हे मी बघितलंय. पूर्वी मला ते माहीत नव्हतं.

रिपोर्ट वाईट आला, दोन्ही कान. दादाला प्रेसवरून काढलं, पण कारखान्यातून नाही. तयार माल मोजून तपासायच्या खात्यात टाकलं. मशीन आमच्याच दुकानातून घेतलं, तूर्त एकाच कानाचं. पहिले काही महिने तो ते टोपीखाली लपवायचा.

गेल्या महिन्यात कारखान्याबाहेरच्या चहाच्या टपरीवर प्रेसवरचा एक जण त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. मलाही कमी ऐकू येतं, म्हणाला, पण फोनवर बघायला भीती वाटते, म्हणून तुम्हाला विचारतो. दादाने टोपी काढली, कानातलं मशीन काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. तो हळू आवाजात काहीतरी विचारायला लागला.

“थांब,” दादा टपरीभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, “ते दे इकडे, लावू दे. त्याच्याशिवाय मला ऐकू येत नाही.”